मधली चित्रं कोणी काढली

नवा टीव्ही घरी आला त्या वर्षी मी सतत दमलेली असायचे. लोणखेड्याहून सकाळी निघायचं, शहाद्यात येऊन काळी-पिवळी जीप पकडायची, धडगाव रस्त्यावरच्या शाळेत पोचायचं. पहिली-दुसरीची मुलं घरी पावरी बोलणारी, मी त्यांना पुस्तकातली मराठी शिकवणारी. दुपारपर्यंत घसा बसायचा. संध्याकाळी घरी आले की कुणी काही विचारू नये एवढीच इच्छा असायची.

घरात आम्ही तिघंच. मी, नवरा आणि सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो. मुलगी सुरतेला दिली आहे. घरात बोलणं अहिराणीतच चालतं. इथं मी आमचं दोघांचं मराठीत लिहिते, पण आबांचं त्यांच्याच तोंडचं ठेवते. ते मराठीत आणलं तर मला ते आबा वाटत नाहीत.

आबांनी उमेदीची सगळी वर्षं सिनेमाच्या मशीनमागे काढली. आधी फिरत्या तंबूत. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजाराला लागून तंबू पडायचा, तिथं ते रोज तीन-तीन खेळ चालवायचे. मग शहाद्याच्या एका टॉकीजमध्ये, ती बंद पडेपर्यंत. नंतर शेती. टॉकीजबद्दल स्वतःहून कधी बोलत नसत. पण दुपारी जेवण झालं की टीव्हीवर जुना सिनेमा लावून बसायचे आणि संपेपर्यंत हलायचे नाहीत.

जुना टीव्ही बिघडला तेव्हा नवऱ्याने नंदुरबारहून मोठा टीव्ही आणला. दुकानदाराने त्याला पटवून दिलं होतं की जुन्या टीव्हीत चित्र सेकंदाला साठ वेळा बदलायचं, ह्यात एकशे वीस वेळा बदलतं. नवरा दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत होता. क्रिकेट खरंच छान दिसायचं. गोलंदाजाच्या हातून चेंडू सुटला की तो फलंदाजापर्यंत स्पष्ट दिसायचा.

तिसऱ्या दिवशी आबांनी त्यांचा सिनेमा लावला. त्यांनी तो यात्रेत कितीदा तरी चालवला होता. अर्धा तास बसले आणि उठून ओट्यावर गेले. शनिवार होता, सकाळची शाळा करून मी नुकतीच आले होते. जाऊन विचारलं, "काय झालं आबा?"

"हाई पिक्चर नही शे, माय."

"मग काय आहे?"

"नाटक. समोर उभा राहीसन बोली ऱ्हायनात."

मला काही कळलं नाही. कळून घ्यायची ताकदही नव्हती. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "डोळे गेले असतील त्यांचे. दाखवून आण." म्हणजे मीच आणायचं.

रजा काढून मी त्यांना नंदुरबारला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. आमचं निदान खरं ठरलं म्हणून मला बरंच वाटलं. ऑपरेशन झालं. पुढे महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. सकाळचे मी निघण्याआधी, दुपारचे शेजारची जाऊ, संध्याकाळचे आणि झोपतानाचे पुन्हा मी. आबा मान मागे टाकून गप्प बसायचे. कधी तक्रार केली नाही.

महिना झाल्यावर त्यांनी पुन्हा टीव्ही लावला. मी पलीकडे भाकरी थापत होते. दहा मिनिटांत आवाज बंद झाला. बाहेर आले तर ते रिमोट हातात धरून बसलेले.

"डोया चांगला व्हयना," ते म्हणाले. "पन टीव्हीमा तसंच शे."

त्या दिवशी शाळेत तपासणी झाली होती, येताना जीप वाटेत बंद पडून तासभर उभं राहावं लागलं होतं. ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या क्षणी मी एवढंच म्हणाले, "आबा, डोळ्याचं झालं. आता काय टीव्ही बदलायचा? तुमच्या मनासारखं ह्या घरात काहीच नाही का?"

ते रिमोट टेबलावर ठेवून उठले. त्यानंतर ते टीव्हीसमोर बसेनासे झाले. दुपारी जेवून पारावर जायचे, चारला परत यायचे. नवऱ्याला वाटलं, सुटला एक विषय. मला मात्र रोज घरी येताना ती रिकामी खुर्ची दिसायची. पण ते वाक्य परत कसं घ्यावं, ते मला सुचत नव्हतं.

असे दीड-दोन महिने गेले. मग मला ताप आला आणि तीन दिवस घरी पडून राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा शेतावर, आबा पारावर. मी एकटीच होते, म्हणून एक जुना सिनेमा लावला. लग्नानंतर अख्खा सिनेमा मी क्वचितच पाहिला असेन. माझं पाहणं म्हणजे भाजी निवडता निवडता.

थोड्या वेळाने मला कसंतरी वाटू लागलं. नायिका अंगणातून चालत येत होती आणि तिचं चालणं फार गुळगुळीत होतं, जणू घसरत येत होती. तिने हात हलवला की बोटांच्या कडेला पाण्यासारखं काहीतरी थरथरायचं. मागचं घर पुठ्ठ्याचं आहे हे स्पष्ट कळत होतं. गंभीर प्रसंग होता, पण मला सारखी आमच्या मुलीच्या लग्नाची शूटिंग आठवत होती. तीत जेवणाच्या पंगतीतून कॅमेरा असाच सरकत जातो आणि सगळे खरे, जवळचे आणि थोडे बावळट दिसतात. तेव्हा मला आबांचं बोलणं कळलं. समोर उभं राहून बोलतात. नाटक.

ताप होता तरी उठून बसले. मुलीला सुरतेला फोन लावला. ती म्हणाली, "आई, त्यात एक सेटिंग असतं. सिनेमा सेकंदाला चोवीसच चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतो, म्हणून तसं गुळगुळीत दिसतं. ते बंद कर." तिने फोनवरून एकेक पायरी सांगितली आणि मी एकेक बटण दाबत गेले. दोनदा चुकले, एकदा सगळी भाषाच बदलली. शेवटी ते सापडलं आणि बंद झालं.

नायिका पुन्हा चालली. आता ती घसरत नव्हती, चालत होती. एवढाच फरक. पण घर घरासारखं झालं होतं.

चारला आबा आले. मी म्हणाले, "जरा बघता का?" ते दारातच उभे राहिले. आत यायचं की नाही, ह्याचा विचार करत असावेत. उभ्या उभ्याच त्यांनी पाच मिनिटं पाहिलं, मग काठी भिंतीला टेकवून खुर्चीत बसले.

"आते पिक्चर शे," ते म्हणाले. "काय करं तू?"

मुलीने सांगितलं तसं मी सांगितलं. चोवीस चित्रं, आणि टीव्ही मधे भरतो ती. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"मधला चित्रं कोनी काढात?"

"कुणीच नाही. टीव्ही आपलं आपण बनवतो."

"जे कॅमेरामा आयंच नही, ते हाऊ टीव्ही दखाडस." ते रागावले नव्हते. ह्या वयातही असं काही ऐकावं लागतं, ह्याचा त्यांना थकवा आल्यासारखं वाटलं. मग त्यांनी विचारलं, तो एकशे वीसचा आकडा काय होता?

मी म्हणाले, तोच तर घोळ असणार. आकडा जास्त, म्हणून सिनेमा बिघडला.

आबांनी मान हलवली. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला मशीनबद्दल सांगितलं. मशीनमध्ये एक पातं फिरायचं. ते प्रत्येक चित्र पडद्यावर दोनदा दाखवायचं, नाहीतर लोकांच्या डोळ्यांत लुकलुकायचं. म्हणजे चित्रं चोवीस, पण पडद्यावर उजेड अठ्ठेचाळीस वेळा. एकच चित्र पुन्हा दाखवणं वेगळं आणि नवीन घडवणं वेगळं. मग बोटांवर हिशेब करत म्हणाले, "साठमा चोवीस बसत नही. एक चित्र दोनदा, दुसरं तीनदा दखाडनं पडस. जुना टीव्हीमा कॅमेरा फिरना का धक्का बसे, ते हाईच. चोवीस पाचे एकशे वीस. पाच-पाचदा सारखं. आकडा चांगला शे. त्याले बोल नको लावू."

त्यांनी मला तसा एक प्रसंग दाखवलासुद्धा. कॅमेरा डोंगरावरून हळू फिरतो तो. म्हणाले, जुन्या टीव्हीवर इथं धक्के बसायचे, आता बसत नाहीत. मला दोन्हींतला फरक आठवेना. जुन्या टीव्हीसमोर ते रोज तो धक्का सोसत बसायचे आणि आम्हाला कधी म्हणाले नव्हते.

मी म्हणाले, "आबा, त्या दिवशी मी तुम्हाला बोलले..."

"थकेल व्हती तू," ते पडद्याकडे बघत म्हणाले. "थकेल मानूसनं बोलनं मनमा ठेवतस का?"

ठेवलं होतं त्यांनी, दीड महिना. पण मी वाद घातला नाही.

संध्याकाळी नवरा आला आणि क्रिकेट लावल्यावर त्याच्या लगेच लक्षात आलं. "चेंडू पुसट का दिसतोय?" मी सांगितल्यावर म्हणाला, "म्हणजे एवढा चांगला टीव्ही आणायचा आणि बंद करून बघायचा?" आता आमच्याकडे असं ठरलं आहे की सामना असला की तो ते सेटिंग चालू करतो आणि नंतर मी बंद करते. तो बंद करायला विसरतो. मी आठवण करून द्यायचं सोडलं आहे, स्वतःच दाबते. दिवसाच्या कामांत एक काम वाढलं.

नवापूरला माझी बहीण असते. तिच्या घरी गेले तेव्हा तिचाही टीव्ही तसाच लागलेला होता. ते सेटिंग बंद करून दाखवलं, तर तिच्या घरातली सगळी म्हणाली, आधीचंच छान होतं. पुन्हा चालू करून दिलं. आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, ज्याले जे गोड लागस ते खाऊ दे.

मागच्या रविवारी मी ठरवून त्यांच्या शेजारी बसले. दोन तास दुसरं काही करायचं नाही, अख्खा सिनेमा बघायचा. मध्यंतरापर्यंत पाहिला असेन. मग डोळा लागला तो थेट सिनेमा संपल्यावर उघडला. आबांनी आवाज कमी करून ठेवला होता आणि माझ्या अंगावर चादर होती.

"शेवट काय झाला?" मी विचारलं.

"चांगला नही शे," ते म्हणाले. "तू झोपी गयी, बरं व्हयनं." आणि चहा टाकायला उठले.