तांबड्या काठाची गोधडी

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी माझ्यावर चोरीचा आळ आला. सासूबाईंचं लग्नातलं हिरवं रेशमी लुगडं पेटीतून नाहीसं झालं. नणंद दिवाळीचं माहेरपण करून आदल्या दिवशीच सासरी गेली होती. घरात परकी अशी मी एकटीच उरले. नवलाख उंबरे गावातल्या त्या घराच्या अंगणात माझी ट्रंक आणून उपडी केली. लुगडं निघालं नाही, तेव्हा माझ्या आईला बेगडेवाडीहून बोलावून घेतलं. ती चालत आली. लेकीनं तुमच्याकडं काही ठेवायला दिलंय का, असं तिला शेजारच्या बायकांदेखत विचारलं. आईनं नाही म्हणून सांगितलं आणि ती पाणीही न घेता आल्या वाटेनं परत गेली. पुन्हा तिनं त्या घरात पाऊल टाकलं नाही. तीन वर्षांनी ती वारली, तेव्हाही आळ तसाच होता.

नणंद मात्र दर सणाला यायची. माझ्यासमोर सासूबाईंना बजावायची, पेटीला कुलूप नीट लावत जा. मी खाली मान घालून भाकरी थापत असायचे.

पुढं नवऱ्याला लोणावळ्यात रेल्वेत काम लागलं आणि आम्ही तिथं खोली घेतली. जवळच तुंगार्लीच्या एका बंगल्यात मी पडदे, उशांचे अभ्रे शिवायला जात असे. तिथल्या बाईंनीच मला मशीन शिकवलं. लढाई सुरू झाल्यावर त्या कायमच्या मुंबईला गेल्या, तेव्हा हातानं फिरवायचं ते मशीन मला देऊन गेल्या.

लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं. माझा धाकटा तेव्हा रांगत होता. त्या दिवाळीला नणंदेनं माझ्या नवऱ्याबरोबर जुन्या कपड्यांचं एक गाठोडं पाठवलं. निरोप असा की, वहिनीला म्हणावं, पोराच्या अंगाखाली घालायला होईल, तिच्या माहेरचं काही यायचं नाही. आईला जाऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

गाठोडं मी सोडलं. धोतराची पानं, विटकी चोळखणं, एक फाटकं सोवळं. त्यांच्यात गुंडाळलेला हिरव्या रेशमाचा हातभर तुकडा निघाला, तांबड्या काठासकट. काठावर पिवळ्या दोऱ्यानं रफू केलेलं होतं. सासूबाईंच्या लुगड्यावर लग्नातच समईची ठिणगी पडली होती, तांबडा दोरा घरात नव्हता म्हणून पिवळ्यानं रफू केलं होतं. ते रफू त्यांनी मला नवी नवरी असतानाच दाखवलं होतं.

मी नवऱ्याला काही बोलले नाही. तो तुकडा घडी घालून ट्रंकेच्या तळाशी ठेवला. मला रडू आलं नाही. आता हे कुणासमोर उघडायचं, एवढंच डोक्यात होतं.

वैशाखात नणंदेच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. मी निरोप पाठवला की, भाचीच्या रुखवतात मामीकडून मशीनवर शिवलेली गोधडी येईल. त्या काळी गोधड्या हातानंच शिवत. मशीनची गोधडी म्हटल्यावर नणंद खूश झाली आणि तिनं लवकर कर म्हणून दोनदा सांगून पाठवलं.

गोधडी मशीनवर घालणं सोपं नव्हतं. धोतराची चार पानं आधी लांब टाक्यांनी एकत्र धरली, वरून ठिगळं जोडली. रेशमाचा तुकडा बरोबर मध्यावर घेतला, रफू वर दिसेल असा. मग अर्धी गोधडी गुंडाळून मशीनच्या पोटातून सरकवायची, उजव्या हातानं चाक फिरवायचं, डाव्यानं जाड थर पुढं ढकलायचा. तीन सुया मोडल्या. हातचा टाका एका ओढीत उसवतो, म्हणून रेशमावर मी बोटबोटभर अंतरानं उभ्याआडव्या शिलाया मारल्या. तुकडा काढायचा म्हटला असता, तर सगळी गोधडी फाडावी लागली असती. एकेक शिलाई मारताना मला आई अंगणात उभी दिसायची, आणि मी चाक जोरात फिरवायचे.

लग्नघरी गोधडी नेली ती मधला भाग आत घडी घालून. रुखवत मांडलं, व्याह्यांकडच्या बायका बघायला आल्या. सासूबाईंना पुढं पाटावर बसवलं होतं. नणंदेनं मोठ्या कौतुकानं स्वतःच्या हातांनी गोधडी उलगडली. तो काठ वर येताच तिचे हात थांबले. ती घडी पुन्हा घालायला गेली, पण सासूबाईंनी गोधडीचं टोक धरलं होतं. त्यांनी रफूवरून बोट फिरवलं.

"ह्ये माझ्या लुगड्याचं हाय," त्या म्हणाल्या. "कुटं गावलं तुला?"

"वन्संनी धाडलेल्या गाठोड्यात, आत्याबाई," मी म्हणाले.

नणंद घाईघाईनं म्हणाली की, असले काठ बाजारात लय मिळतात. तेवढ्यात हळदीच्या अंगानं बसलेली भाची पुढं वाकली आणि हसून म्हणाली, "आई, ह्यो तर माझ्या परकराचा काठ. जत्रंला घालायची बग मी."

व्याह्यांकडच्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी नणंद तोंडातल्या तोंडात म्हणाली, "आईचं लेकीनं घेतलं, त्यात चोरी कसली?"

"मग माझ्या आईला का बोलावलं होतं?" मी विचारलं.

सासूबाई पंगतीला न बसता बैलगाडीत जाऊन बसल्या. लग्न लागलं. मी मात्र सगळ्या पंगती वाढल्या, हसून आग्रह केला. इतकी हलकी मी त्याआधी कधी नव्हते.

नवरा महिनाभर माझ्याशी बोलला नाही. घरात सांगायचं होतंस, एवढंच त्याचं म्हणणं. सासूबाई आषाढात लोणावळ्याला आल्या, तुझ्या आईचा लय अपमान झाला म्हणाल्या आणि डोळे पुसू लागल्या. मी त्यांना चहा दिला. ती माफी घेणारं माणूस आता नाही, आणि तिच्या वतीनं मी ती घेणार नाही, असं त्यांना सांगितलं.

व्याह्यांकडं भाचीला त्या दिवसावरून टोमणे ऐकावे लागले, हे मला नंतर कळलं. त्या पोरीचा काही दोष नव्हता. तेवढं एक माझ्या मनाला लागतं. तिच्या पहिल्या बाळंतपणात मी तिच्याकडं जाऊन पंधरा दिवस राहिले, तिच्या बाळाला रोज न्हाऊ घातलं.

नणंदेकडं गेले नाही. फार पुढं ती आजारी पडली, तेव्हा तिनं मला भेटायला बोलावलं होतं. नवरा जायला निघाला आणि दारात थांबून माझी वाट बघत राहिला. मी त्याच्या हातात डबा दिला आणि गाडीची वेळ होतेय, तुम्ही निघा, म्हणाले.