मुंग्यांचा पाहुणचार

विज्ञानालासुद्धा ‘जेवल्याबिगर जायचं न्हाय’ असा आग्रह करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते माझे सासरे, म्हणजे आमचे मामा. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत. उभा जन्म ढेपा चाखून भाव सांगण्यात गेला. दुकान मुलाकडे सोपवल्यावर मामा घरातली आमटी, चहा, शेजारणीचं लोणचं, सगळंच चाखून निकाल देऊ लागले, तेव्हा सासूबाईंनी मला गळ घातली आणि मी त्यांना लोकविज्ञानाच्या एका उपक्रमात अडकवून दिलं. काम सोपं होतं. महिन्यातल्या एका रविवारी अंगणात कागदावर चिमूटभर साखर ठेवायची आणि तासाभराने जमलेल्या मुंग्यांचा फोटो मोबाइलवरून पाठवायचा. त्यावरून पुण्याच्या एक संशोधक बाई गावोगावच्या मुंग्यांचा नकाशा करत होत्या. निरीक्षण मान्य झालं की नकाशावर आपल्या घराचा ठिपका उमटायचा.

त्या ठिपक्यासाठी मामांचा जीव टांगणीला लागला. निरीक्षणाच्या दिवशी ते अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून अंगणात पाटावर बसत. दूधवाल्याला मागच्या दाराने पाठवत. शेजाऱ्यांनी मुंग्यांची पावडर टाकली म्हणून त्यांनी शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. भविष्याबद्दल तर त्यांना शंकाच नव्हती. ‘‘उद्या बघा, जावईबापू, घरटी एक शास्त्रज्ञ असंल. पोरं कट्ट्यावर बसून बेडकं मोजत्याली. सोयरीक जुळवताना पोराला शेती किती ते न्हाय, निरीक्षणं किती ते इचारत्याली.’’ माझं एकही नव्हतं.

पण ठिपका काही उमटेना. त्यांच्या फोटोत कागद असा दिसायचाच नाही, नुसत्या मुंग्या. शेवटी बाईंचाच फोन आला.

‘‘काका, साखर किती ठेवता?’’

‘‘साखर?’’ मामा दुखावले. ‘‘दारात आल्याला साखरंवर कसं वाटंला लावायचं वो? एक नंबर गुळाचा खडा ठेवतोय. वर तुपाचं बोट.’’

सगळ्यांनी सारखीच साखर, सारखीच चिमूट ठेवली तरच गावागावांची तुलना होते, हे बाईंनी शांतपणे समजावलं.

पुढच्या महिन्यात त्यांनी साखर ठेवली आणि तोंड लपवून आत जाऊन बसले. फोटो मीच काढला. चार-दोन मुंग्या आल्या होत्या. संध्याकाळी ठिपका उमटला. मामांनी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला.

‘‘आपलं काय, आज हाय, उद्या न्हाय,’’ ते म्हणाले. ‘‘पण पुढं कुणी इचारलं, शाहूपुरीत मुंग्या हुत्या का, तर हुत्या म्हणून सांगाय कोणतरी पायजे की.’’ मग उठून त्यांनी अंगणात त्याच जागी गुळाचा खडा ठेवला. ‘‘निरीक्षण झालं. आता जेवा.’’

गेल्या वर्षी मामा गेले. ठिपका अजून त्यांच्याच नावावर आहे, मला ते नाव बदलवत नाही. ठरल्या रविवारी मी शाहूपुरीत जातो, साखर ठेवतो आणि पाटावर बसून राहतो. त्या तासाभरात त्यांची फार आठवण येते. फोटो काढून कागद उचलायला वाकलो, की सासूबाई गुळाचा डबा घेऊन दारात उभ्या असतात.