मोरेश्वरच्या वजनगटात

आमच्या बॉक्सिंग क्लबचे जुने चार लोक चंद्रपुरात कुठेही भेटू देत, जटपुरा गेटजवळ चहाला असो की कोणाच्या पोरीच्या लग्नात, पहिली पाच मिनिटं गुडघे, शुगर आणि पोरांच्या फीवर जातात. मग कोणीतरी म्हणतो, "अन् तो मोरेश्वरचा किस्सा आठवते काय बे?"

झालं! तिथून पुढे पंगत उठेपर्यंत नुसता मोरेश्वर. हे किस्से वाढतात कसे तेच मला कळत नाही. मोरेश्वर नव्वदच्या दशकात खेळला, राज्य स्पर्धेला गेला, पोलिसात लागला, आता गडचिरोलीकडे कुठेतरी पोट सांभाळत ड्युटी करतो. तो खेळायचा थांबला, पण किस्से काही थांबत नाहीत.

आणि गंमत अशी की प्रत्येक किस्स्यात मी असतो. पाण्याची बाटली धरून, टॉवेल धरून, नाहीतर खाली पडलेला! लोक हसतात, मीही हसतो. म्हणून म्हटलं, आज आपणच सांगून टाकू. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की जळजळ जास्त होते.

*

आमच्या भागात आधी कुस्ती होती, कबड्डी होती. बॉक्सिंग आणलं ते गुलाबभाऊंनी. गुलाबभाऊ फौजेत होते, तिथेच ते ग्लोव्ह्ज घालायला शिकले. परत आल्यावर खाणीत सिक्युरिटीला लागले आणि कॉलनीतलं एक रिकामं गोदाम मागून घेऊन त्यांनी क्लब काढला. वर टिनाचं छप्पर, भिंतींवर कोळशाची काळी भुकटी. रिंगचे दोर काथ्याचे होते, पाठ घासली की सालटं निघायची, म्हणून त्यांना पोरांच्या आयांची जुनी लुगडी गुंडाळलेली. बाहेरची टीम आली की विचारायची, "भाऊ, ही रिंग हाय का पाळणा?"

राज्य स्पर्धेला एका वजनात एकच पोरगा जायचा. क्लबमध्ये एका वजनाचे दोघं असले तर गुलाबभाऊंचा नियम साधा होता. रविवारी सगळ्यांसमोर दोघांनी खेळायचं, जिंकेल तो जाईल. चौपन्न किलोत मी एकटाच होतो. म्हणजे राजाच! मला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, पाठीवर ‘चंद्रपूर’ लिहिलेली बनियन घालून राज्य स्पर्धेच्या रिंगमध्ये उतरायचं. पुढच्या वर्षी जाणार हे जवळपास ठरलेलंच होतं.

तेवढ्यात पोंभुर्ण्याकडून मोरेश्वर आला. ढिवराचा पोरगा, घरी तळ्यावर अन् नदीवर मासेमारी. इथे आयटीआयला ॲडमिशन घेतली होती. काळा, बारीक, हात मात्र गुडघ्याला लागतील एवढे लांब. गुलाबभाऊंनी त्याला काट्यावर उभं केलं. चौपन्न किलो! चंद्रपुरात एवढी वजनं असताना यालाच माझं वजन सापडलं.

गुलाबभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "विलास, पोरगा नवा हाय. हळू मार."

मी हळूच मारला. त्याला मात्र कोणी तसं सांगितलं नव्हतं. पुढचं मला दिसलं ते वरचं टिन आणि त्यातलं भोक. मोरेश्वर वाकून बघत होता, चेहरा अगदी रडवेला.

"भाऊ, चुकून लागलं हो!"

चुकून! आजही कोणी मला "चुकून लागलं" म्हटलं की माझं जबड्याचं हाड ठणकतं.

*

वरोऱ्याची ओपन टुर्नामेंट. तिथे एका क्लबचे दोघंही एकाच वजनात खेळू शकत होते, म्हणून आम्ही दोघंही गेलो. मे महिना होता. चंद्रपूर-वरोऱ्याचा मे ज्याने पाहिला नाही त्याला सांगून उपयोग नाही. वजन उतरवायला मी त्या उन्हात स्वेटर घालून पळालो. पाणी बंद, भात बंद, तोंडात चिंच धरून थुंकत बसलो. आणि हा पठ्ठ्या बसमधून उतरल्या उतरल्या स्टँडवर भजी खाऊन आला, वर दोन ग्लास ताक!

मी मनात म्हटलं, आता हा वजनात बसत नाही. देव आहे!

आयोजकांचा वजनकाटा ऐनवेळी बिघडला. मग एका व्यापाऱ्याच्या गोदामातला सोयाबीनचा काटा मागवला, आणि काट्यासोबत मापारीही आला. आधी मोरेश्वर चढला. मापाऱ्याने जन्मभराच्या सवयीने काटा बघितला आणि खणखणीत आवाज दिला, "पंचावन! बारदान वजा, चौपन!"

पंचाने लिहून घेतलं, चौपन्न. पोत्याचं वजन कापलं, तेही बनियन काढून उभ्या असलेल्या पोराचं! त्याच्यानंतर काट्यावर मीच. काटा चौपन्नच्या जरासा वर गेला. मी मापाऱ्याकडे आशेने पाहिलं. तो तोंड उघडणार, तेवढ्यात पंच जागा झाला.

"ओ भाऊ, पोराले कायचं बारदान?"

मला मैदानाभोवती पळायला लावलं. मी पळत होतो आणि मोरेश्वर सावलीत बसून मनापासून हळहळत होता. म्हणाला, "विलासभाऊ, तुमी पोतं घालून चढाले पाह्यजे होतं!"

वजनात मी बसलो, पण पायात जीव नव्हता. पहिल्याच लढतीत बाहेर. मोरेश्वर टुर्नामेंट जिंकला.

*

त्याला बक्षिसात टेबल फॅन मिळाला. तो त्याने माझ्या आईला आणून दिला!

त्याचं असं झालं होतं, की मेसचं जेवण त्याला सोसेना म्हणून गुलाबभाऊंनीच मला सांगितलं होतं, "कधीमधी घरी नेत जा त्याले." मी एकदा नेलं, नंतर तो आपला आपणच यायला लागला. गावाहून येताना झिंगे आणायचा, मरळ आणायचा. आईला बॉक्सिंगचं काडीचंही कळत नव्हतं. ती त्याला मारामारीच म्हणायची, आणि आमच्या गोदामाकडे तिने कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण मासा तिला कळत होता.

आमच्या घरी मासोळीचं मुंडकं माझ्या ताटात पडायचं. लहानपणापासूनची रीत. एक दिवस ते मोरेश्वरच्या ताटात गेलं.

मी म्हटलं, "माय, मुंडकं मले असते नं?"

आई म्हणाली, "त्याची माय तिकडं दूर हाय. तुही तं इथीच बसली हाय."

मोरेश्वर खाली मान घालून मुंडकं चोखत होता, आणि वर त्याचाच फॅन मला वारा घालत होता. त्या वाऱ्याने मला कधी गार वाटलं नाही. लाइट गेली की बरं वाटायचं.

*

भद्रावतीला फॅक्टरीच्या कॉलनीत मॅच होती. मोरेश्वरने तिथल्या पोराला पहिल्याच राउंडमध्ये बसवलं. मी पूर्ण तीन राउंड खेळलो, नाक फुटलं, भुवई फुटली, पण पॉइंटवर जिंकलो. जिंकलो मी! हे मुद्दाम सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

मॅच संपल्यावर मोरेश्वरने हरवलेल्या पोराचा बाप शोधत आला. मला वाटलं भांडायला आला. तर तो मोरेश्वरच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चाल, आमच्या क्वार्टरवर जेवाले चाल." मोरेश्वर एकटा कसा जाईल? मला ओढून घेऊन गेला.

क्वार्टरमध्ये पुरणपोळ्या! हरलेला पोरगा स्वतः मोरेश्वरला वाढत होता. त्याच्या आईने माझ्या नाकातल्या कापसाकडे बघून विचारलं, "अन् यायले कोनं मारलं?"

मोरेश्वर म्हणाला, "बाई, हे विलासभाऊ. जितले हो आज. माह्यापेक्षा चांगले खेळतात."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मग बाप दिलदारपणे म्हणाला, "अरे वा! मंग यायले बी वाढ थोडंसं."

थोडंसं!

खरा त्रास हाच होता. तो माजोरडा असता, मागून बोलणारा असता, तर मी सुखाने त्याचा राग केला असता. पण तो माझी स्तुती करायचा, आणि त्याने केलेली स्तुती ऐकून लोकांना माझी दया यायची.

*

दिवाळीनंतर गडचिरोलीकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. कुरखेड्याकडच्या एका गावाने बॉक्सिंगचा डेमो द्यायला आम्हाला बोलावलं. दुपारची वेळ, मैदानात चार बांबू रोवून दोर बांधलेले. शेजारच्याच आवारात कोंबड्यांची झुंज आटोपली होती, आणि तिथली सगळी गर्दी उठून आमच्याकडे आली.

आम्हा दोघांचं ठरलं होतं, खोटं खोटं खेळायचं, बरोबरीत सोडायचं. मी तसंच खेळत होतो. पण गर्दीने आरोळी ठोकली आणि मोरेश्वरचा डावा हात आपोआप सुटला. मी बसलो. गावच्या मातीत, फतकल मारून.

गावचे पाटील म्हातारे होते, भलते मिश्किल. ते काठी टेकत आले आणि माइक हातात घेऊन म्हणाले, "पाव्हण्यांनो, आमच्या इथी रीत हाय. हारलेला कोंबडा जितनाऱ्याचा. त्यानं घरी न्याव, कापाव, रस्सा करावा. तवा हा पोरगा आता याचा!"

मैदानात जो हशा पिकला! मी मोरेश्वरकडे बघितलं. म्हटलं, हा तरी काही बोलेल. त्याने पाटलांकडून माइक घेतला, जरा लाजला, आणि म्हणाला, "पाटीलबुवा, मी याले कापत नाई. पाळतो!"

पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. क्लबमध्ये वर्षभर मी ‘पाळलेला’ होतो. एक जण तर गोदामाच्या दारात मला बघून तांदळाचे दाणे टाकायचा.

*

आता शेवटचा. हा आमचे लोक सगळ्यात जास्त रंगवून सांगतात, पण मी कोपऱ्यात उभा होतो, मलाच नीट माहीत आहे.

राज्य स्पर्धेच्या निवडीचा रविवार. वयाच्या हिशोबाने ज्युनिअरमध्ये माझा तो शेवटचा मोका. घरी बाबांनी सांगून ठेवलं होतं, यंदा झालं तर झालं, नाहीतर हा थोबाडं फोडायचा धंदा बंद आणि मामाच्या टायरच्या दुकानात बसायचं. मी तयारी केली होती ती आयुष्यात पुन्हा कशाचीच केली नाही. आणि मला मोरेश्वरची एक खोड सापडली होती. जोराचा ठोसा मारायच्या आधी तो उजवा हात किंचित खाली न्यायचा, जाळं फेकणारा माणूस आधी झोला घेतो तसा. तेवढा क्षण त्याचा जबडा उघडा पडायचा. इतक्या दिवसांत हे कोणाला दिसलं नव्हतं. मला दिसलं, कारण मी दुसरं काही बघतच नव्हतो.

यावेळी मी जिंकणार याची मला इतकी खात्री होती, की मी आईला म्हटलं, "माय, तू ये पाह्याले."

ती म्हणाली, "मले नाई पाहवत बाप्पा तुमची मारामारी."

"एक डाव ये. माह्यासाठी ये."

आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली, आणि गुलाबभाऊंच्या बायकोशेजारी पुढच्याच बाकावर बसली. गोदाम खचाखच भरलं होतं. टिनावर चढून पोरं भोकातून बघत होती.

पहिला राउंड त्याचा. दुसरा कोणाचाच नाही. तिसऱ्यात मी वाट बघत राहिलो. मार खात होतो, पण डोळे त्याच्या उजव्या हातावर होते. आणि तो हात खाली गेला!

मी सगळं अंग घालून मारला. असा बसला, असा बसला, की माझ्याच खांद्यातून कळ गेली. मोरेश्वर दोरावर आदळला, लुगड्याच्या चिंध्यांवरून घसरला आणि आडवा झाला.

मोरेश्वरला आडवं झालेलं चंद्रपुरात कोणी पाहिलंच नव्हतं! मी पाठीमागे सरकत कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. खरं सांगतो, एवढा आनंद मला पुढे लग्नात झाला नाही, पोरगा झाला तेव्हा झाला नाही. गुलाबभाऊ वाकून मोजायला लागले. मोरेश्वरचे डोळे मिटलेले. हात हलत नव्हता, पाय हलत नव्हता. मी मनात गुलाबभाऊंच्या पुढे पुढे मोजत होतो.

तेवढ्यात पुढचा बाक करकरला. आई उठून उभी राहिली होती. पदर सुटलेला, दोन्ही हात रिंगच्या दोराला धरलेले, आणि सगळ्या गोदामाला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली,

"ऊठ नं रे मोरेश्वर! ऊठ माह्या लेकरा!"

आणि मोरेश्वर उठला.