विहीणबाईंनी पालथा घातलेला गालिचा

शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही तालुके धुंडाळले, तरी जमिनीवर अंथरलेली अशी एकही वस्तू सापडणार नाही, जी आमच्या विहीणबाईंनी कोपऱ्याला धरून उलटी करून पाहिलेली नाही. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. ज्यांना ते अमान्य असेल त्यांनी प्रथम आपल्या घरची सतरंजी उचलावी, खाली काय आहे ते पाहावे आणि मगच हरकत घ्यावी.

या बाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई, राहणार टोकावडे. विहीण म्हटली की तिचा मान आलाच. तिचे पाऊल जमिनीला लागू नये म्हणून लग्नात पायघड्या घालण्याचा रिवाज आहे आणि मुलीचा बाप या नात्याने मी तो तंतोतंत पाळला होता. मांडवाच्या तोंडाशी पांढरीशुभ्र पायघडी अंथरली, वाजंत्री सुरू झाली, आणि विहीणबाई पाऊल टाकण्याऐवजी खाली वाकल्या. त्यांनी पायघडीचे टोक उचलून असे काही झटकले की पुढच्या रांगेतली आमची प्रतिष्ठित मंडळी डोळे चोळू लागली. ‘‘व्याही, मान ऱ्हाऊ द्या बाजूला, रेती हाय हिच्यात,’’ असे जाहीर करून त्या सरळ मातीवरून चालत मांडवात गेल्या. पुढे ओळख वाढली तसे कळले की हा केवळ आमचा अपमान नव्हता. दवाखान्यात नंबर येईपर्यंत त्या पायपुसणे झटकीत, ढाब्यावर जेवायला बसण्यापूर्वी बाजेवरची चादर उलटीत, आणि कोणाच्या घरी चहाला गेल्या तर यजमान आधण ठेवीपर्यंत त्यांची चटई अंगणात पोहोचलेली असे.

शहापुराबाहेर, आमच्या घरापासून वाऱ्याच्या टप्प्यात, एक खडीचा क्रशर आहे. त्याच्या धुळीविरुद्ध मी अर्ज केले, स्मरणपत्रे पाठविली, स्मरणपत्रांची आठवण करून देणारी पत्रेही पाठविली. ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ हे उत्तर मला पाठ झाले आहे. ती कार्यवाही अद्याप वाटेतच आहे. अखेर एकदा सुनावणी लागली तेव्हा मी विहीणबाईंना साक्षीला नेले. ‘‘धुळीचा पुरावा काय?’’ असे साहेबांनी विचारताच बाईंनी त्यांच्या खुर्चीखालची चटई ओढली. साहेब खुर्चीसकट सरकले आणि त्यानंतर असे शिंकू लागले की सुनावणी तहकूब करावी लागली. मी जिन्यातच कडाडलो, ‘‘विहीणबाई, पुरावा दाखल करण्याची एक पद्धत असते!’’

‘‘झाला ना दाखल,’’ त्या म्हणाल्या. ‘‘नाकात.’’

तीच धूळ माझ्या पत्नीच्या छातीत बसली होती. ती शाळेतून निवृत्त झाली तेव्हा सहशिक्षिकांनी तिला एक जाड लोकरी गालिचा दिला होता. दुपारी आळीतल्या मुलींना घेऊन ती त्यावर वाचायला बसे. डॉक्टरांनी बजावले, की धाप थांबवायची असेल तर आधी तो गालिचा घराबाहेर काढा. ‘‘मग मलाही…’’ एवढेच ती म्हणाली. ‘काढा’ म्हणण्याइतका दम तिला पुरला नाही. विकत आणलेले धूळ ओढायचे यंत्र वरवरचे केस नि कचरा ओढी, बुडाशी रुतलेल्या रेतीला त्याचा धक्काही लागत नसे. मी गालिचा गुंडाळून दाराशी ठेवला. तो मला फेकवेना, आत आणवेना.

ही बातमी मुलीकडून कळताच विहीणबाई मिळेल ती एस.टी. पकडून हजर झाल्या. ‘‘वरून झाडता म्हंजे रेती आनखी खाली दाबता. तिला निघायला वाट कुठं दिली तुमी? पालथा घाला त्याला. आनि पानी नाय लावायचं, चिखल होऊन मुळाशी बसंल.’’ त्यांनी अंगणात जुनी चादर पसरली, तिच्यावर गालिचा पालथा घातला आणि वेताच्या छडीने त्याच्या पाठीवर ओळीने, बेताचे फटके देऊ लागल्या. विहिणीने व्याह्याच्या अंगणात छडी घेऊन उभे राहणे शिष्टाचारात बसत नाही, शेजारी पाहत आहेत, असे मी निदर्शनास आणून दिले.

‘‘पाहू द्या. त्यांना वाटंल, व्याह्यालाच बडवते.’’

खिडकीत बसलेली माझी पत्नी हसली, आणि हसता हसता खोकू लागली. तशी बाईंची छडी भराभर चालू लागली. गालिचा उचलला तेव्हा चादरीवर बारीक खडीची करडी रांगोळी पडली होती. ती झाडायची, गालिचा पुन्हा पालथा घालायचा, पुन्हा फटके. मध्येच त्या एक कड उचलून हलवीत आणि कान देत. ‘‘अजून बोलते,’’ म्हणत. उन्हे कलली तेव्हा रेती बोलायची थांबली आणि गालिचा घरात आला. काही दिवसांनी माझ्या पत्नीने मध्ये न थांबता एक संपूर्ण वाक्य उच्चारले. वाक्य माझ्याविरुद्ध होते, पण संपूर्ण होते. मी उभा राहून ऐकून घेतले.

क्रशर चालूच आहे, माझी पत्रेही चालू आहेत. भातकापणी आटोपली की विहीणबाई दरवर्षी येतात. त्यांच्या उपकारांना लागू पडेल असे कलम मला अजून सापडलेले नाही.

यंदा त्यांचा खांदा वर होत नव्हता, म्हणून छडी माझ्या हाती आली आणि त्या बाजूला बसून ऐकू लागल्या. थोड्याच वेळात म्हणाल्या, ‘‘बस, व्याही. नाय बोलत आता.’’ मला मात्र रेती स्वच्छ ऐकू येत होती. चुकीचा निकाल मी आयुष्यात कधी मुकाट्याने मानलेला नाही. मी तोंड उघडले, तोच खिडकीतून पत्नीने मान हलवली.

‘‘तुम्ही म्हणाल तसे, विहीणबाई,’’ मी म्हणालो. त्या समाधानाने उठून आत गेल्या. मी गालिचा पुन्हा पालथा घातला आणि हलक्या हाताने छडी चालवू लागलो. त्यांनी बाहेर येऊ नये म्हणून माझी पत्नी आत त्यांना आणखी एक कप चहाचा, मग पोह्यांचा, मग मुक्कामाचा आग्रह करीत होती. मोठ्याने, लांबलचक, आणि सगळा एका दमात.