चष्म्याच्या घरातला कोड

बंगळुरूजवळच्या बोम्मसंद्रातला आमचा कारखाना बंद पडला तेव्हा माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्याच वर्षी बायकोच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. नेदरलँड्समधला मुलगा फोनवर म्हणाला, "पैसे मी पाठवतो, बाबा. बँकेचा स्विफ्ट कोड तेवढा विचारून ठेवा."

पोराच्या पैशाला हात लावायचा नाही, हा माझा जुना हट्ट. तरी बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाई विजापूरकडच्या, मराठी बोलणाऱ्या. "स्वल्प बसा, अण्णा," म्हणत त्यांनी समजावलं की परदेशातून पैसे यायचे तर आयएफएससी चालत नाही, आणि आमच्या छोट्या शाखेला स्विफ्ट कोडच नाही. मोठ्या शाखेचा द्यायचा, तिथून पैसे आपल्या खात्यात येतात. अकरा अक्षरं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिली: आधी बँक, मग देश, मग गाव, शेवटी शाखा. चिठ्ठी मी चष्म्याच्या घरात ठेवली.

दर रविवारी मुलगा विचारायचा, "कोड मिळाला?" कधी बँकेत गर्दी होती म्हणायचो, कधी मॅनेजर रजेवर. खोटं किती सहज सुचायचं, याचं आता नवल वाटतं. बायको ऐकायची. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," एवढंच एकदा म्हणाली.

असे तीन महिने गेले. एका संध्याकाळी भाजी घेऊन परतताना ती जिन्यात मधल्याच पायरीवर बसली. "तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश." खालून घरमालकीण अक्का बघत होत्या. बायको त्यांच्याकडे बघून हसली, जणू गंमत म्हणूनच बसली होती. ते हसू मला बघवेना. मी तिच्या शेजारी बसलो, खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि तिथूनच मुलाला फोन लावला. एकेक अक्षर वाचून दाखवलं. त्याने मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे? तुला माहीत होता?"

"कोड नेटवर असतो, बाबा. खाते क्रमांकही आहे माझ्याकडे. पहिल्याच रविवारी सगळं भरून ठेवलंय."

"मग पाठवले का नाहीस?"

"तुम्ही परत केले असते."

केलेच असते. तीन महिने ती हा जिना माझ्या हट्टापायी चढत होती. मला माझी लाज वाटली. फोन मी तिच्या हातात दिला.

"आता पाठव," ती त्याला म्हणाली. "हे इथेच बसलेत, माझ्या पायरीवर."