हळदीकुंकवाची पालकसभा

पालकसभेला आया येत नाहीत, ही आमच्या शाळेची जुनी तक्रार. त्यावर तोडगा मी शोधून काढला आणि त्याचा मला भलताच अभिमान होता. संक्रांत झाली की सभा बोलवायची, पण तिला सभा म्हणायचं नाही, हळदीकुंकू म्हणायचं. वाण म्हणून स्टीलची वाटी द्यायची आणि बायका हाती लागल्या की प्रगतिपुस्तकं पुढे करायची. मीही ठेवणीतली साडी नेसून, ताट घेऊन वर्गाच्या दारात उभी राहिले.

वर्ग सातवीचा, मुलं सत्तावीस. बंदराकडची मुसलमान घरातली, आंब्याच्या बागा राखायला आलेल्या नेपाळ्यांची, कर्नाटकातून बांधकामावर आलेल्यांची आणि हातखंब्यापलीकडच्या गावांतून शहरात आलेल्या कुणब्यांची. एकमेकांच्या भाषेतल्या शिव्या ती पहिल्या आठवड्यात शिकतात, बाकीचं मला शिकवावं लागतं. त्या दिवशी आया आल्या जेमतेम निम्म्या. न आलेल्यांना पोरांची पडलेली नाही, असा निकाल मी तिथल्या तिथे देऊन टाकला. असे तडकाफडकी निकाल द्यायची मला खोडच आहे.

सगळ्यात जास्त राग आला तो एका मुलीच्या आईचा. मुलगी हुशार. शेजारी बसणाऱ्या कानडी मुलीला तिने डब्यातली भाकरी मोडून अपूर्णांक समजावले होते, माझं आठवडाभराचं शिकवणं वाया गेल्यावर. दोन वर्षांपूर्वी तिचे वडील वारले. आई मिरजोळ्याला मासळीच्या कारखान्यात कामाला जायची. आमची शाळा सातवीपर्यंतच. वार्षिक परीक्षा झाली की काका मुंबईला नेणार, त्यांच्या तान्ह्या बाळाला सांभाळायला, असं मुलीनेच मला सांगितलं होतं. एकदा गेली की हिची शाळा संपली, हे कळायला ज्योतिषी नको होता. म्हणून मला आईशीच बोलायचं होतं.

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी मुलीवर घसरले. ‘‘तुझ्या आईला एक तास सवड होत नाही? वर्गातल्या बाकीच्या आया रिकाम्या बसल्यात का?’’

ती खाली बघत म्हणाली, ‘‘आली होती बाई. अर्धा दिवस रजा टाकून आली होती. दारात तुम्ही हळदीकुंकू लावताय बघितलंन आणि गेटावरूनच परत गेली.’’

मला स्वतःची इतकी लाज वाटली की पुढचा धडा मी वाचायलाच लावला. विधवा बाईने त्या ताटासमोर यायचं कसं, हा विचार माझ्या सुशिक्षित डोक्याला शिवलाही नव्हता. आणि मुसलमान आयांनी तरी काय म्हणून यायचं होतं?

संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. तिची आई नुकतीच कामावरून आली होती, हात धूत होती.

‘‘चूक माझी झाली,’’ मी म्हटलं.

‘‘तुमची कशाला बाई? सणाचा दिवस. मी पुढं आले असते तर तुमालाच अवघड झालं असतं.’’ तिने मला चहा दिला आणि मग म्हणाली, ‘‘पोरीला धाडायचं नाय माझ्या मनात. पण भावोजी माझं ऐकायचे नायत. तुमी चार बायकांदेखत बोलला असतात तर माझ्या जिवाला जोर आला असता. तेवढ्यासाठी आले व्हते.’’

तेवढ्यासाठी! मी चहा कसाबसा संपवला.

मार्चमध्ये पुन्हा सभा घेतली. ताट नाही, वाण नाही, नुसती सतरंजी. चोवीस जणी आल्या. मुलीची आई शिमग्याला मुंबईहून आलेल्या दिरासोबत आली आणि दारात थबकून म्हणाली, ‘‘बाई, येऊ का आत?’’ मुलं रोज विचारतात तसंच. माझ्या तोंडून ‘या’ एवढंच निघालं.

दिरासाठी मी चांगलं खणखणीत भाषण तयार करून ठेवलं होतं. आठवीच्या प्रवेशाचा विषय काढला, तेवढ्यात तीच उठून उभी राहिली. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. ‘‘माझी पोरगी हितंच शिकणार. भावोजी, बाळासाठी दुसरी सोय बघा.’’ बोलून झाल्यावर ती खाली बसली, तेव्हा शेजारच्या बुरखेवाल्या बाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. दिराने पंख्याकडे बघितलं. म्हणाला, ‘‘बघू.’’ आमच्याकडे बघू म्हणजे बहुतेक वेळा नाही. ह्या वेळी तो एकटाच मुंबईला गेला. माझं भाषण तसंच राहिलं, ते बरंच झालं.

जूनमध्ये हायस्कुलात प्रवेश घ्यायला आम्ही तिघी गेलो. शिकवून काय मिळतं, असं कोणी विचारलं की मी आजवर मोठमोठी उत्तरं द्यायचे. तिथल्या कारकुनाने अर्ज तपासला, आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

‘‘ह्या कोण?’’

मी तोंड उघडायच्या आत मुलीची आई म्हणाली, ‘‘आमच्या घरच्याच हायत.’’