आहेत ती बोटं

परवा रविवारी सकाळी एका छोट्या सभागृहात विल्सनच्या नव्या अल्बमचं प्रकाशन झालं. आम्ही कॉलेजात होतो तेव्हा पुण्यात त्याचा रॉक बँड गाजत होता. गिटारवर त्याची बोटं इतकी भरभर पळायची की नजर ठरायची नाही. आता तो सत्तरीचा आहे. बँड केव्हाच मोडला, डाव्या हाताची दोन बोटं आखडली. हा अल्बम त्याने एकट्यानेच केलाय.

तो वाजवायला बसला तसं मागून कुणीतरी ओरडलं, "विल्सन, ते जुनं फास्टवालं होऊन जाऊ दे!"

मी चमकून मागे पाहिलं. विल्सन मात्र हसला. "अरे, ती बोटं आता राहिली नाहीत. ही आहेत, यांना जे येतं ते ऐका."

मग त्याने एक संथ धून सुरू केली. एक सूर पुरता विरला की मगच पुढचा. मधेच एक सूर फसला. "चुकलं," तो मोठ्यांदा म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवू लागला.

माझा हात थरथरायला लागला तेव्हा मी पत्रं लिहिणंच सोडून दिलं होतं. थरथरत्या हातानेही लिहिता येतं, हे मनातच आलं नव्हतं.

कार्यक्रमानंतर मी सीडी घेऊन सहीसाठी रांगेत उभा राहिलो. विल्सनने सावकाश, वाकडीतिकडी सही केली आणि ती निरखून पाहत विचारलं, "वाचता येतंय ना?"

"येतंय की," मी म्हणालो.

"मग झालं तर!"